‘स्त्री’ या शब्दाचा कायदेशीर अर्थ आणि स्त्रियांच्या राखीव जागा : ब्रिटनमधील एका वादाचा इतिहास

पाणिनीच्या ‘स्त्रियाम्’ (४.१.३) या सूत्रावरील विवेचनात महाभाष्यात एक वरवर बाळबोध वाटणारा प्रश्न उपस्थित केला आहे. स्त्री कोणाला म्हणावे? लोकव्यवहारात स्तनकेशादी चिन्हांवरून स्त्री ओळखतात, असे उत्तर प्रथम सुचविले जाते, आणि लगेच त्यावर आक्षेप येतो. चिन्हांवरूनच निर्णय करावयाचा तर भ्रूकुंसाचे, म्हणजे स्त्रीवेष घेणाऱ्या नटाचे काय? त्याच्या नावालाही स्त्रीप्रत्यय लावण्याचा प्रसंग येईल. शिवाय खाट आणि वृक्ष यांच्या ठायी कोणतीच चिन्हे नाहीत, तरी एक शब्द स्त्रीलिंगी आणि दुसरा पुल्लिंगी आहेच. बरीच चर्चा झाल्यावर शब्दाचे लिंग लोकव्यवहारावर अवलंबून असते, शास्त्राने ते शिकविण्याचे कारण नाही, या मताकडे भाष्यकार वळतात. वैयाकरणाला ही मोकळीक आहे. न्यायाधीशाला ती नाही. त्याच्यापुढे एक दार असते आणि ते उघडावयाचे की नाही हे त्याला त्याच दिवशी सांगावे लागते.

१६ एप्रिल २०२५ रोजी लंडनमधील सर्वोच्च न्यायालयाने ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ विरुद्ध स्कॉटिश मंत्री या खटल्यात जो निकाल दिला, त्याचा विषय असाच एक शब्द होता. २०१० च्या समता कायद्यात ‘स्त्री’, ‘पुरुष’ आणि ‘लिंग’ या शब्दांचा अर्थ काय, एवढेच न्यायालयाला विचारले होते. परंतु त्या उत्तरावर स्वच्छतागृहे, रुग्णालयातील कक्ष, तुरुंग, अत्याचारपीडितांची आश्रयस्थाने यांची दारे अवलंबून होती. प्रस्तुत लेखात या निकालापर्यंतच्या सुमारे पंचावन्न वर्षांचा मागोवा घेण्याचा विचार आहे. जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेली, परंतु स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती या अर्थाने येथे ‘पारलिंगी स्त्री’ हा शब्द योजिला आहे. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या आणि पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तीस ‘पारलिंगी पुरुष’ म्हटले आहे. हे शब्द वापरण्यात कोणताही निर्णय आधीच गृहीत धरलेला नाही, असे म्हणावेसे वाटते. पण या विषयात संपूर्ण तटस्थ असा शब्दच सापडत नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

शब्दांविषयी आणखी थोडे. इंग्रजीतील ‘वुमन’ हा शब्द प्राचीन इंग्रजीतील ‘वीफमन’ या सामासिक शब्दापासून आला आहे. ‘वीफ’ म्हणजे बाई आणि ‘मन’ म्हणजे माणूस. आपल्या ‘बाईमाणूस’ या शब्दाशी त्याची घडण ताडून पाहावी. गंमत अशी की ‘वीफ’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या नपुंसकलिंगी होता आणि ‘वीफमन’ पुल्लिंगी. संस्कृतातील ‘कलत्र’ व ‘दार’ यांची आठवण कोणासही होईल. पुढे इंग्रजीतून व्याकरणिक लिंगव्यवस्था जवळजवळ नाहीशी झाली आणि ‘जेंडर’ हा शब्द व्याकरणाच्या पुस्तकापुरता उरला. असा मोकळा पडलेला शब्द दुसऱ्या कामाला जुंपला जातो, हा भाषेच्या इतिहासातील नित्याचा अनुभव आहे. १९५५ मध्ये जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने तो सामाजिक भूमिकेसाठी वापरला. १९६८ मध्ये रॉबर्ट स्टोलर यांनी आणि १९७२ मध्ये अॅन ओकली यांनी ‘सेक्स’ व ‘जेंडर’ यांतील भेद ग्रंथरूपाने मांडला. त्याच काळात सामान्य इंग्रजी बोलणारा मात्र ‘सेक्स’ हा शब्द संभोगाच्या अर्थाने रूढ झाल्यामुळे संकोचून सरकारी अर्जावरही ‘जेंडर’ म्हणू लागला होता. एकच शब्द, एका ठिकाणी शास्त्रीय संज्ञा आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ सभ्यतेचा पडदा! पुढील घोटाळ्याचे बीज येथे आहे. मराठीत ‘लिंग’ हा शब्द चिन्ह, शरीर आणि व्याकरण या तिहींचा भार वाहतो. त्याला ‘लिंगभाव’ हा जोडीदार अभ्यासकांनी अलीकडे दिला, पण तो विद्यापीठाच्या आवाराबाहेर फारसा गेलेला नाही.

कायद्यातील इतिहासाचा आरंभ २ फेब्रुवारी १९७० च्या कॉर्बेट निकालापासून करण्याचा प्रघात आहे. एप्रिल अॅश्ली या पारलिंगी स्त्रीचा आर्थर कॉर्बेट यांच्याशी १९६३ मध्ये जिब्राल्टर येथे विवाह झाला होता. तो मुळातच शून्य आहे असा पतीचा दावा. न्यायमूर्ती ऑर्मरॉड हे स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेले होते. त्यांनी गुणसूत्रे, जननग्रंथी आणि जननेंद्रिये ही तीन लक्षणे घेतली. जन्माच्या वेळी ती तिन्ही एकमेकांशी जुळत असतील तर विवाहापुरते लिंग त्यांवरून ठरेल, पुढील शस्त्रक्रियेने ते बदलणार नाही, असा निर्णय दिला. त्यांनी एक सावधगिरीही बाळगली होती. आपण विवाहाच्या संदर्भात ‘स्त्री’ शब्दाचा अर्थ लावीत आहोत, त्या व्यक्तीचे सर्वत्र लागू होणारे लिंग ठरवीत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले होते. ही सावधगिरी फार काळ टिकली नाही. १९८३ मध्ये हीच कसोटी फौजदारी कायद्यातही लावण्यात आली.

परंतु विवाह म्हणजे राखीव जागा नव्हे, आणि त्या जागांचा इतिहास याहून जुना व वेगळा आहे. तो विसरल्यामुळे आजच्या चर्चेत पुष्कळ गोंधळ होतो. एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये न्यूगेट तुरुंगात प्रथम गेल्या तेव्हा तेथे स्त्रिया आणि मुले अक्षरशः कोंबलेली होती. त्यांच्या चळवळीनंतर १८२३ च्या तुरुंग कायद्याने स्त्रीकैद्यांवर स्त्रीरक्षकच असावेत असा दंडक घातला. यामागील भीती काल्पनिक नव्हती; रक्षकांकडून होणारा अत्याचार सर्वांना ठाऊक होता. स्वच्छतागृहांची कथा निराळी आहे. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये पुरुषांसाठी सार्वजनिक सोयी होऊ लागल्या, स्त्रियांसाठी मात्र त्या फारच थोड्या होत्या. घराबाहेर पडलेल्या स्त्रीला त्यामुळे काही तासांत घरी परतावे लागे. १९०० च्या सुमारास कॅमडन भागात स्त्रियांसाठी एक स्वच्छतागृह बांधावे असा प्रस्ताव आला, तेव्हा जॉर्ज बर्नार्ड शॉ सेंट पँक्रसच्या स्थानिक मंडळाचे सदस्य होते व प्रस्तावाच्या बाजूने होते. जागा रहदारीच्या आड येते का हे पाहण्यासाठी तेथे लाकडी सांगाडा उभारण्यात आला. तो अडथळाच आहे हे सिद्ध व्हावे म्हणून की काय, गाड्या त्याच्यावर वारंवार आदळू लागल्या! म्हणजे येथे स्त्रियांची स्वतंत्र जागा ही कोणास वगळण्यासाठी मागितलेली नव्हती, तर शहरात वावरण्याचा हक्क म्हणून मागितलेली होती. याउलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८७ मध्ये कारखान्यांत स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहे सक्तीची केली, तेव्हा त्यामागे सोयीबरोबरच स्त्रीच्या नाजूकपणाविषयीच्या तत्कालीन कल्पनाही होत्या, असे काही अभ्यासक मानतात. तिसरा प्रवाह विसाव्या शतकातला. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात मारहाणीतून सुटलेल्या स्त्रियांसाठी आश्रयस्थान सुरू झाले, आणि पुढील दशकात बलात्कारपीडितांसाठी केंद्रे निघाली. ही केंद्रे राज्याने दिलेली नव्हती; स्त्रियांनी पदरमोड करून उभारलेली होती. तेथे पुरुष नसणे ही केवळ व्यवस्था नसून उपचाराचाच भाग होता.

म्हणून ‘राखीव जागा’ या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू आहेत. तुरुंगात राज्य माणसाला बळाने कोंडते, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी राज्याची. स्वच्छतागृहात अनोळखी माणसे दोन मिनिटे एका छताखाली येतात. आश्रयस्थानात जखमी मनाने राहावयाचे असते. एका ठिकाणचा युक्तिवाद उचलून दुसऱ्या ठिकाणी लावला की तो लंगडतो. दोन्ही पक्षांनी तो तसा लावला आहे.

स्त्रीमुक्तीच्या चळवळीत हा वाद १९७० च्या दशकातच उभा राहिला होता. १९७३ मध्ये लॉस एंजेलिस येथील समलिंगी स्त्रियांच्या परिषदेत बेथ एलियट या पारलिंगी गायिकेच्या उपस्थितीवरून परिषदच दुभंगली. १९७९ मध्ये जॅनिस रेमंड यांनी पारलिंगी स्त्रियांवर कठोर टीका करणारे पुस्तक लिहिले. सँडी स्टोन यांनी १९८७ मध्ये त्याला उत्तर म्हणून लिहिलेला निबंध पुढे एका नव्या अभ्यासशाखेचा पाया ठरला. मिशिगनमधील स्त्रियांच्या संगीत महोत्सवातून १९९१ मध्ये एका पारलिंगी स्त्रीला बाहेर काढण्यात आले, आणि पुढे त्याच्या फाटकाबाहेर निषेधाचा तळ पडू लागला. महोत्सव २०१५ मध्ये बंद झाला. कॅनडात व्हँकूव्हरच्या बलात्कारपीडित केंद्राने १९९५ मध्ये किंबर्ली निक्सन यांना समुपदेशनाच्या प्रशिक्षणातून वगळले. दहा वर्षांच्या न्यायालयीन झगड्यानंतर २००५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या अपील न्यायालयाने केंद्राला आपले सभासद निवडण्याचा अधिकार आहे असे ठरविले. यात दोन्हीकडे खरोखरचे काही पणाला लागले होते. एका बाजूला, पुरुषाकडून झालेल्या अत्याचारानंतर पुरुषशरीर जवळ नसण्याची गरज. दुसऱ्या बाजूला, जी स्वतःही पुरुषांच्या हिंसेची बळी होऊ शकते तिलाच दाराशी ‘तू आमच्यातली नाहीस’ असे ऐकावे लागण्याचे दुःख. यांपैकी एक खरे आणि दुसरे ढोंग, असे मानून लिहिलेले लेखन प्रस्तुत लेखकास वाचण्यासारखे वाटत नाही.

ब्रिटनमध्ये वळण आले ते स्ट्रासबर्गहून. ११ जुलै २००२ च्या गुडविन निकालात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने, पारलिंगी व्यक्तीला बदललेल्या लिंगाने कायदेशीर मान्यता न देणे हा खाजगी जीवनाच्या व विवाहाच्या हक्काचा भंग आहे, असे ठरविले. त्यातून २००४ चा लिंगभाव-मान्यता कायदा आला. वैद्यकीय पुरावा आणि दोन वर्षे त्या रूपात जगल्याचा दाखला पाहून एक मंडळ प्रमाणपत्र देईल, अशी त्यात योजना होती. त्याचे नववे कलम वाक्यरचनेच्या दृष्टीने फारच उद्बोधक आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्या व्यक्तीचे ‘जेंडर’ सर्व प्रयोजनांसाठी प्राप्त केलेले ‘जेंडर’ होते, असे तेथे म्हटले. आणि लगेच कंसात, म्हणजेच तिचे ‘सेक्स’ स्त्रीचे वा पुरुषाचे होते, अशी जोड दिली. शास्त्रकारांनी कष्टाने वेगळे केलेले दोन शब्द मसुदाकारांनी एका वाक्यात समानार्थी करून टाकले. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने, अन्य कायद्यात वेगळी तरतूद असेल तर हा नियम लागू नाही, असा अपवादही ठेवला. एकवीस वर्षांनी सारा खटला या अपवादावर फिरणार होता.

२०१० च्या समता कायद्याने ‘लिंग’ आणि ‘लिंगभाव-परिवर्तन’ ही दोन स्वतंत्र संरक्षित लक्षणे ठरविली. स्त्री म्हणजे कोणत्याही वयाची ‘फीमेल’, अशी व्याख्या १९७५ च्या कायद्याच्या वळणावर दिली. ती व्याख्या नसून पर्याय आहे हे कोणत्याही कोशकाराच्या ध्यानात येईल. एकलिंगी सेवा चालविण्यास परवानगी दिली आणि त्यांतून पारलिंगी व्यक्तीला वगळण्यासही, मात्र रास्त हेतूसाठी आणि प्रमाणशीर मार्गाने. प्रमाणपत्र असलेली पारलिंगी स्त्री या कायद्यात ‘स्त्री’ आहे की नाही, हे त्यात कोठेही सरळ लिहिलेले नव्हते. संसदेने हा प्रश्न पाहिलाच नाही की पाहून टाळला, यावर मतभेद आहेत. माझ्या मते टाळला.

तोवर तुरुंगांत प्रश्न प्रत्यक्ष उभा होता. २०१५ मध्ये लीड्सच्या पुरुष तुरुंगात २१ वर्षांच्या एका पारलिंगी स्त्रीचा मृत्यू झाला आणि धोरणाचा फेरविचार झाला. २०१७ मध्ये वेकफील्डजवळील न्यू हॉल या स्त्रियांच्या तुरुंगात ठेवलेल्या, पूर्वी लैंगिक गुन्हे केलेल्या एका पारलिंगी कैद्याने तेथील स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केले. २०१८ मध्ये त्या व्यक्तीस जन्मठेप झाली आणि नियम पुन्हा बदलले. हे दोन प्रसंग वादात नेहमी एकएकटे सांगितले जातात. ते एकत्र सांगितले पाहिजेत, कारण दोन्हींत अपयश एकाच प्रकारचे आहे: व्यक्तीचा धोका आणि व्यक्तीला असलेला धोका न पाहता कोणत्या तरी एका नोंदीवर भरवसा ठेवण्याचे.

स्कॉटलंडमध्ये वाद पेटला तो प्रमाणपत्राची प्रक्रिया सोपी करण्यावरून. वैद्यकीय निदानाची अट काढून स्वतःच्या घोषणेवर प्रमाणपत्र देणारे विधेयक तेथील संसदेने २२ डिसेंबर २०२२ रोजी ८६ विरुद्ध ३९ मतांनी संमत केले. जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या सरकारने ते रोखले. त्याच महिन्यात दोन स्त्रियांवरील बलात्काराबद्दल दोषी ठरलेल्या एका पारलिंगी कैद्याला प्रथम स्त्रियांच्या तुरुंगात नेऊन काही दिवसांतच पुरुषांच्या तुरुंगात हलविण्यात आले, आणि आतापर्यंत वकिलांपुरता असलेला प्रश्न घराघरांत बोलला जाऊ लागला.

सर्वोच्च न्यायालयापुढील खटल्याचा उगम मात्र याहून साधा होता. स्कॉटलंडच्या २०१८ च्या एका कायद्याने सार्वजनिक मंडळांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात असे उद्दिष्ट ठेवले होते, आणि त्या निम्म्यांत कोण मोजावयाचे हा प्रश्न होता. पाच न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की समता कायद्यातील ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री. प्रमाणपत्राने त्या कायद्यापुरता फरक पडत नाही. त्यांची मुख्य भिस्त सुसंगतीवर होती. गर्भारपण व प्रसूती यांविषयीची कलमे ‘स्त्री’बद्दल बोलतात, प्रमाणपत्रधारक पारलिंगी पुरुष गर्भवती राहिला तर प्रमाणपत्राच्या अर्थाने त्याला संरक्षणच उरत नाही. शिवाय प्रमाणपत्र गोपनीय. ते कोणाजवळ आहे हे सेवा देणाऱ्याला विचारताही येत नाही. एकाच कायद्यातील एका शब्दाचा अर्थ कलमागणिक बदलू नये, हा मीमांसकांनाही मान्य होईल असा न्याय त्यांनी लावला. ‘स्त्री’ शब्दाचा सार्वत्रिक अर्थ आपण सांगत नाही, या कायद्यापुरताच सांगतो, असे न्यायालयाने बजावले; ऑर्मरॉड यांच्या सावधगिरीचा हा प्रतिध्वनी आहे. पारलिंगी व्यक्तींना लिंगभाव-परिवर्तन या लक्षणाचे संरक्षण कायम राहते, आणि हा निकाल एका गटाचा दुसऱ्यावरील विजय समजू नये, असेही सांगितले. निकाल जाहीर होताच न्यायालयाबाहेर जल्लोष झाला आणि पुढील शनिवारी लंडनमध्ये हजारो लोक निषेधाला जमले. सुनावणीत भाग घेण्याची परवानगी मागणाऱ्या दोन पारलिंगी विधिज्ञांना ती मिळाली नव्हती, ही गोष्ट निकालाच्या तर्काला बाध आणीत नाही. पण ज्यांच्याविषयी निर्णय आहे त्यांचा स्वतःचा आवाज त्या दालनात नव्हता, याची नोंद इतिहासकाराने ठेवावी.

निकालातील एका परिच्छेदाकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुरुष म्हणून जगणारा पारलिंगी पुरुष जैविक अर्थाने स्त्री ठरतो. मग त्याला स्त्रियांच्या जागेत प्रवेश आहे काय? दाढी आणि भारदस्त आवाज असलेली व्यक्ती पाहून इतर स्त्रिया वाजवी आक्षेप घेऊ शकतील, म्हणून त्यालाही काही प्रसंगी वगळता येईल, असे न्यायालय म्हणते. म्हणजे जन्मकालीन शरीर ही कसोटी ठरवून झाल्यावर बाह्य चिन्ह मागील दाराने परत आले! पारलिंगी पुरुष त्यामुळे दोन्ही दारांबाहेर उभा राहू शकतो. भाष्यकारांनी भ्रूकुंसाचे उदाहरण घेतले होते ते याच अडचणीसाठी: चिन्ह धरले तर वस्तू निसटते, वस्तू धरली तर चिन्ह आडवे येते.

संख्या किती, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. निकालात प्रमाणपत्रधारकांची संख्या ८,४६४ दिली आहे. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे २,६२,००० लोकांनी आपला लिंगभाव जन्मनोंदीपेक्षा वेगळा असल्याचे सांगितले होते. परंतु पुढे असे दिसून आले की इंग्रजी नीट न येणाऱ्यांत हे प्रमाण विलक्षण जास्त आहे. त्यांतील अनेकांना ‘जेंडर’ आणि ‘सेक्स’ असे दोन्ही शब्द असलेला तो लांबलचक प्रश्नच कळला नसावा, ही शंका बळावली आणि २०२४ मध्ये सांख्यिकी कार्यालयाने त्या आकड्यांचा अधिकृत दर्जा खाली आणला. ज्यांच्या मातृभाषेत या दोहोंस एकच शब्द आहे, अशा माणसाने त्या प्रश्नाचे काय उत्तर द्यावे?

आपल्याकडे हा प्रश्न राखीव जागांच्या दुसऱ्या अर्थाने, म्हणजे निवडणुकीतील जागांवरून आला. मध्य प्रदेशात कटनीच्या महापौरपदी स्त्रियांसाठी राखीव जागेवर निवडून आलेल्या कमला जान या हिजडा समाजातील उमेदवाराची निवड न्यायालयाने रद्द केली, आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम केले. कारण त्या कायद्याच्या दृष्टीने पुरुष होत्या. त्यानंतर १५ एप्रिल २०१४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे ग्रामपंचायतीच्या स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून एका पारलिंगी स्त्रीने अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी तो स्वीकारण्याचा आदेश दिला, आणि त्या निवडूनही आल्या. स्कॉटलंडमधील मंडळाची जागा आणि भादलीतील प्रभाग, दोन्हींत प्रश्न एकच, ‘स्त्री’ म्हणून कोण मोजावे, उत्तरे परस्परविरुद्ध. मात्र औरंगाबादच्या आदेशात एक नोंद आहे. अर्जदाराने आपले स्त्रीलिंग कायमचे स्वीकारले असून पुढे सोयीनुसार पुरुषलिंगाकडे परतणार नाही, हे तिचे निवेदन न्यायालयाने नोंदवून घेतले. जन्माने स्त्री असलेल्या कोणत्याही उमेदवाराला असे निवेदन कधी द्यावे लागलेले नाही.